अकरा नंबरची खाट

सोमवार, ३ तारीख

नोकरीचा पहिला दिवस! रुग्णालयात नोंदी ठेवायला लागले. काचेची केबिन, फिरती खुर्ची, पुढ्यात टॅबलेट आणि काचेपलीकडे साथीच्या रुग्णांच्या चोवीस खाटा. संसर्ग नको म्हणून केसपेपर बंद, सगळं आता क्लाउडवर. आतून सिस्टर माइकवर ताप, नाडी, ऑक्सिजन सांगतात, मी भरते. फोनवर आई म्हणाली, म्हणजे बसून खायचं काम. म्हटलं, तुझ्याच मुलीला शोभेल असं.

गुरुवार, ६ तारीख

ताईला इथेच दाखल केलं. खाट नंबर अकरा, ऑक्सिजन ब्याण्णव. काचेतून खुणेनं मला सांगत होती, केस नीट विंचरत जा. आजारपणातही हिचा मोठेपणा सुटत नाही. जिवाला घोर लागलाय, पण निदान डोळ्यांसमोर तरी आहे.

शनिवार, ८ तारीख

आज गंमतच झाली. संध्याकाळचे आकडे भरायला बसले, तर रकाने आधीच भरलेले. वाटलं, आधीच्या पाळीतलीने चुकून भरून टाकले असतील. सिस्टरांनी मोजून पाहिलं, तर चोवीसच्या चोवीस तेच आकडे. त्या खूश झाल्या. त्या जाड पोशाखात एकेक फेरी म्हणजे घामाची आंघोळ असते.

सोमवार, १० तारीख

आता कुणी मोजतच नाही. आकडे आपोआप येतात, त्यावरून डॉक्टर औषधं ठरवतात. सकाळी ताई हसत होती आणि पडद्यावर मात्र सत्त्याऐंशी. मी हट्टाने मोजायला लावलं. बोटावरच्या यंत्रातही सत्त्याऐंशीच. मला भीती वाटतेय, खरंच वाटतेय.

मंगळवार, ११ तारीख

उद्याचा रकाना भरलाय. दुपारी बारा चाळीस, खाट अकरा — रिकामी.

पुसलं. परत आलं. सहा वेळा पुसलं. यंत्रणेच्या मदतकेंद्राला फोन केला, तिथला माणूस फार गोड बोलला. म्हणाला, बंद झालेली नोंद उघडता येत नाही, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मी ओरडले, अहो, ती जिवंत आहे! त्याने तक्रार क्रमांक दिला. डॉक्टर म्हणाले, थकलात तुम्ही, रजा घ्या.

बुधवार, १२ तारीख

अकरा वाजता — ताई उठून बसलीय. स्वतःच्या हाताने खातेय. हातापाया पडून मोजायला लावलं. पंच्याण्णव! सिस्टर म्हणाल्या, यंत्र बिघडलेलं दिसतंय.

बारा दहा — तिचं औषध आलंच नाही. यादीत नाव नाही म्हणे. डॉक्टर फोन उचलत नाहीत.

बारा पंचवीस — अकराव्या खाटेचा नवा रुग्ण खाली येऊन थांबलाय. दोघे सेवक ताईची नळी काढतायत. ती त्यांचा हात धरतेय. सिस्टर पडद्याकडे बघतात, तिच्याकडे नाही. केबिनचं दार — माझं कार्ड चालत नाही. काच बडवतेय —

बारा सदतीस — चादर ओढतायत. छातीपर्यंत — तोंडावर — चादरीखाली हात हलतोय, मला दिसतोय, त्यांना कसा नाही — सिस्टर माइकवर शांतपणे सांगतायत, अकरा रिकामी, पुढचं नाव घाला — नाही घालणार, मी नाही — पडद्यावर नाव आपोआप — ताई, मी बघतेय गं, मी इथेच