गहू बंद

२१ नोव्हेंबर १९५९

क्षय नाही! हेमूचं पोट उघडेपर्यंत सगळे तेच धरून बसले होते. लहान आतड्याच्या वरच्या भागात व्रण – एक नाही, सात. तेवढा तुकडा कापून टाकला. त्यात क्षयाचा जंतू सापडला नाही. मग वर्षभर माझ्या भावाला सुया टोचल्या त्या कशासाठी?

२४ नोव्हेंबर

विलायतेहून आलेले नवे डॉक्टर त्याच्या खाटेवरच बसले. दुखणं विचारलं नाही, जेवण विचारलं.

“गावी गेलात की बरं वाटतं?”

“मालवणात बरं असतं. तिथे भात-मासे. इथे आजारी म्हणून पाव-बिस्किटं.”

ती देत कोण होतं? मी. आई पेज करायची आणि मी डोळे वटारायची – पेजेत काय सत्त्व असतं? शाळेत शिकवून सुटले की रोज पाव घेऊन घरी. टोस्ट, दूध, बिस्किटं!

डॉक्टर म्हणाले, असा रोग मी दोनदाच पाहिलाय. औषध एकच. गहू बंद. आतडं फुटलं तर हातात काही राहणार नाही.

४ डिसेंबर

हेमू तीन पौंड वाढला! “ताई, संयुक्त महाराष्ट्राच्या पुढच्या मोर्चाला मी येणार.”

“आधी जिना चढून दाखव.”

आई गावच्या रवळनाथाला नवस बोलली आहे. अकरा दिवस शिऱ्याचा नैवेद्य, आणि प्रसाद हेमूच्या मुखी. माझा विश्वास नाही. पण वॉर्ड माझ्या शाळेच्या वाटेवर, डबा मीच नेणार.

१० डिसेंबर

पुन्हा जुलाब. दोन पौंड उतरला. घरात कणीक नाही, वॉर्डात पाव नाही. मग काय चुकतंय? आज वर्गात कविता शिकवताना अर्ध्यावर सोडली. पुढची ओळच आठवेना.

१३ डिसेंबर

पोट फळीसारखं घट्ट. पहाटेच ऑपरेशनच्या टेबलावर घेतला. आतडं फुटलंय.

बाहेर बाकावर डॉक्टरांनी खाण्याची यादी मागितली. मी घडाघडा सांगितली. वॉर्डातली चंपा सिस्टर मध्येच म्हणाली, “आणि तुमचा तो डबा?”

“तो प्रसाद.”

“कशाचा?” डॉक्टर.

“शिरा.”

डॉक्टर हळू आवाजात, “बाई, रवा कशाचा काढतात?”

एवढं शिकले मी. जात्यावर बसलेली बाईसुद्धा सांगेल! पोळी गव्हाची, पाव गव्हाचा – आणि प्रसाद नुसता प्रसाद. आम्हा मायलेकींना तो कधी खाणं वाटलाच नाही.

घरी गेले. आई देवापुढे बसली होती. “तुझ्या शिऱ्यानं फाटलं त्याचं आतडं,” म्हणाले. आणखीही बोलले. डबा कोण नेत होतं, ते तेवढं बोलले नाही.

“देवाचो प्रसाद गो तो...” एवढंच तिचं.

१५ डिसेंबर

हेमू ग्लानीत. आईने दोन दिवस तोंडात पाणी घेतलेलं नाही. वॉर्डाच्या दारापर्यंत येते, आत येत नाही.

१६ डिसेंबर

शुद्धीवर आला. ओठ ओले केले. त्याने खूण करून जवळ बोलावलं.

“रवा गव्हाचाच, ठाऊक होतं मला. आईचा नवस – नको कसं म्हणू? शिऱ्यानं झालं हे तिला कळू देऊ नकोस, ताई. जीव देईल ती.”

“नाही सांगणार,” मी म्हणाले.