देवापुढचा नारळ

शिराळा, माघ, १९४६

सौ. अनसूयेस,

वळकटी बांधत होतो, तोच गावकरी हलगी वाजवत दारात आले. सेवा मंडळातलं माझं वर्ष आज भरलं. पटकीची साथही ओसरली. त्यांनी पुढे केलेला नारळ निरोपाचा समजून मी घेतला.

त्यांच्यातली राहीबाई म्हणाली, "आवं पंत, द्येवाम्होरला नारळ हाय त्यो. घेतला त्येनं वरीसभर सेवा करायची."

"मला वाईला घरी जायचंय."

"जावा की, फुडल्या साली!"

सगळे हसले. मीही हसलो. नारळ परत करता येत नाही म्हणतात.

माझी प्रकृती उत्तम आहे. बाळाला दात आले का? अजून त्याला पाहिलंही नाही. मी येणार म्हणून तीर्थरूप आईंना सांगितलंस का?

तुझा,
विष्णू

ता. क. (दुसऱ्या दिवशी) सकाळी वळकटी सोडली आणि विहिरीत औषध टाकायला गेलो.