चांदमारीतली पुंगळी

अण्णा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी तुमच्याविषयी कुणी चांगलं बोललं की मी अजून विषय बदलते. परवा बदलता आला नाही. ताडकळसच्या मावशी लेकाच्या मोटारसायकलवर बसून परभणीला माझ्याकडे आल्या. निजामाच्या शेवटच्या धामधुमीत ज्यांचे वडील गोळीनं गेले, त्याच. आल्या आल्या त्यांनी फडक्यातून काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी काढली. शाळेच्या कार्यक्रमात, सगळ्या गावासमोर, "हीच ती, तुमच्या वडिलांना लागलेली," असं म्हणून तुम्ही त्यांच्या ओंजळीत ठेवली होती, ती. टाळ्यांचा तुमचा हव्यास मला ठाऊक होता, पण मावशींनी ती तेव्हापासून देव्हाऱ्यात ठेवून रोज पुजली, हे मला परवाच कळलं. आता त्यांच्या लेकाला ती गावाच्या स्मारकात काचेमागं ठेवायची आहे. जुनी काडतुसं ओळखून त्यांचं मोल सांगणं हे माझं काम, म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या.

हे काम मी तुमच्यावरच्या रागानं शिकले. परभणीबाहेरचं पोलिसांचं चांदमारीचं मैदान आठवतं? शिपायांचा गोळीबाराचा सराव संपलाय, आणि इतिहासाचे नावाजलेले गुरुजी धोतर सावरत चिखलातून पुंगळ्या वेचून खिशात टाकतायत. घरी आल्यावर तुम्ही त्या मीठ घातलेल्या आंबट ताकात बुडवता, हिरवा गंज चढावा म्हणून. आई म्हणते, "माझं ताकाचं मडकं बाटवलं," आणि तुम्ही हसता. मी एक पुंगळी उलटी करून बुडावरचा शिक्का वाचते. "अण्णा, याच्यावर साल हाय. निजाम गेल्याच्या नंतरचं." तुम्ही ती माझ्या हातातून हिसकावता. "शाळेत पहिली येतीस म्हणून बापाला शिकवू नको." त्यानंतर आठवडाभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

आज माझ्याकडे हौशी लोक येतात. चिंचेनं घासून चकचकीत केलेली पुंगळी आणतात आणि मोल विचारतात; घासतानाच तिचं मोल गेलं, हे त्यांना पटत नाही. तुम्ही त्यांच्याहून वाईट. ते निदान अडाणीपणानं बिघडवतात. खरा गंज वर्षानुवर्षं धातूत मुरतो, तुमचा ताकातला गंज नखानं खरवडला तरी निघतो. आणि इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये, की माणसाला लागते ती गोळी, पुंगळी मारणाऱ्याच्या पायाशी पडते? कळत असणार. समोर बसलेल्या गावाला तुम्ही मूर्ख समजत होता.

मावशींची पुंगळी मी भिंगाखाली धरली. शिक्का स्वच्छ होता, साल तर नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"मावशी, ही त्या वेळची न्हाई. लय नंतरची हाय."

लेक उसळला. "गुरुजींनी सोता दिली होती. ते खोटं कशाला बोलतील?"

मावशींनी त्याला हातानंच गप्प केलं. टेबलावरच्या पुंगळीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बाबाला नेलं तवा मी लय लहान होते. त्येंचं तोंड बी मला आठवत न्हाई. हात लावायला हेच काय ते होतं." त्यांनी फडकं घडी घालून कमरेला खोचलं. पुंगळी माझ्या टेबलावरच राहू दिली.

इतकी वर्षं तुमचा तिरस्कार करत आले, पण तुम्ही त्यांच्याकडून काय काढून घेतलंत ते मला त्या क्षणी समजलं. तुम्ही समोर असता तर मी ती पुंगळी तुमच्या तोंडावर फेकली असती.

दारापर्यंत गेल्यावर मावशी थांबल्या. "गुरुजींना ठावं होतं का गं?"

सगळं ओठांवर आलं होतं. चांदमारी, ताकाचं मडकं, हिसकावलेली पुंगळी. आणि मी म्हणाले, "न्हाई मावशी. त्येंची बी कुणीतरी फसवणूकच केली असंल."

त्यांना बरं वाटलं. "तसंच असंल," म्हणाल्या आणि गेल्या.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. एवढंच कबूल करते, की ते वाक्य बोलताना मला जराही अडखळायला झालं नाही, आणि आवाज अगदी तुमच्यासारखा लागला होता.