जित्या मामाचं सुतक

सांगली,
२ मे २०२५

ती. स्व. केरबामामा यांस,
सूरजचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचा कान पुन्हा फोनशी भांडला, हे आईकडून कळलं, म्हणून आपलं नेहमीचं पत्र. पलटणीत उभी हयात विमानांच्या इंजिनांपाशी काढल्यावर कानांनी राजीनामा दिला, त्यात त्यांचा दोष नाही. पण मामींनी दळण आणायला सांगितलं की तेवढंच तुम्हाला ऐकू येत नाही, ही गोष्ट मला संशयास्पद वाटते.

इकडची बातमी अशी, की संगणकावर विमान उडवायच्या त्या सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली आणि सगळं जग तिकडे पळालं. तुम्ही सांगितलेल्या खाणाखुणांवरून मी त्यात टेहळणीचं विमान बनवून विकलं, ती आपली 'टिटवी' मात्र नव्या घरात रुळत नाही. जुन्यासाठी लिहिलेलं नव्याला समजत नाही. धावपट्टीवर उभी केली की नाक जमिनीत खुपसते, आणि समोरची घड्याळं सगळी काळीठिक्कर. ज्यांनी विकत घेतली ते रोज विचारतात. विकताना मीच लिहिलं होतं, की पुढची आवृत्ती आली तर तिथेही फुकट चालवून देईन.

काम हातात घेतलं आहे. त्यामुळे या महिन्यात शिराळ्याला येणं होणार नाही. मामींना नमस्कार सांगा. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमचा भाचा,
सूरज

शिराळा,
११ मे २०२५

चि. सूरज यास,
केरबामामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामीला वाचून दाखवलं, म्हणजे मी मोठ्यानं वाचलं आणि अख्ख्या आळीनं ऐकलं. दळणाच्या वाक्याला ती पोटभर हसली आणि मला चहा उशिरा मिळाला.

तू बसवून दिलेल्या जुन्या संगणकावर आमची टिटवी रोज सकाळी एक फेरी मारते, वारणेच्या कडेकडेनं कोकरूडपर्यंत. मामी मागनं विचारते, की आज कुठं उतरवली, उसात का? जुन्यात ती अजून झकास चालते. तेव्हा नव्यात का चालू नये?

एक सांगतो, उपदेश समजू नकोस. पलटणीत नवी विमानं आली म्हणून जुनी एका दिवसात मोडीत गेली नाहीत. शेवटचं जुनं विमान उडत होतं तोवर त्याचे सुटे भाग ठेवावेच लागायचे. घरात नवी सून आली म्हणून सासूच्या पुढ्यातलं ताट कुणी ओढून घेत नाही. शब्द दिलायस तर पाळ. इंटरनेटवर टिटवीच्या पानावर तू 'माहिती : हवालदार केरबा, शिराळा' असं छापलंयस, म्हणजे शब्दाला मीही अर्धा जामीन आहे.

नागपंचमीला यायचंच, असा मामीचा निरोप आहे. त्या दिवशी शिराळ्यात पाव्हण्यांना पाय ठेवायला जागा नसते, पण तू आल्याशिवाय तिला घर भरल्यासारखं वाटत नाही. जेवणखाण वेळेवर करत जा. आमची आठवण असू दे.

तुझा,
केरबामामा

सांगली,
१८ जून २०२५

ती. स्व. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नका. काम चालूच आहे. लोक आता घाई करत नाहीत, उलट फार समजुतीनं घेत आहेत. माणसं वाटतात त्यापेक्षा चांगली असतात, मामा.

पंचमीला येईन. मामींना म्हणावं, पुरणाची दिंडं माझ्या वाटणीची दोन जास्त करा. तब्येतीला जपा. खरंच जपा. जास्त काही सुचत नाही.

तुमचा,
सूरज

शिराळा,
५ जुलै २०२५

चि. सूरज यास अनेक आशीर्वाद.

परवा दुपारी एक नवल घडलं, ते कळवतो. मामी दारात गवार मोडत बसली होती. साताऱ्याहून एक गृहस्थ आले. नानासो म्हणून आहेत, एसटीच्या आगारातून निवृत्त झालेले आणि घरी बसून टिटवी उडवणारे. हातात पांढऱ्या फुलांचा हार. त्यांनी चपला काढल्या, मान खाली घातली आणि मामीला म्हणाले, की हवालदारसाहेब गेल्याचं वाचलं, राहवलं नाही म्हणून आलो, वहिनींनी धीर धरावा.

मामीच्या कपाळावर हे एवढं कुंकू. तिला आधी वाटलं पाव्हणं घर चुकलं. आळीत अलीकडे कुणाकडे वाईट झालंय ते ती त्यांना सांगायला लागली. मग त्यांनी माझं पूर्ण नाव घेतलं. तेवढ्यात मी परसातनं आलो, तोंडाला दाढीचा साबण फासलेला. नानासोंनी चौकट धरली. हातातल्या हाराचं काय करावं त्यांना कळेना, शेवटी मीच तो घेऊन नळाच्या तोटीला अडकवला.

त्यांनी मोबाईलवर दाखवलं. टिटवीच्या पानावर तुझ्या नावानं लिहिलं होतं, की टिटवीचे जाणकार, माझे मामा यांचं निधन झाल्यामुळे काम लांबलं आहे. मी हसलो. मामी हसली नाही. गवार तिथंच टाकून आत गेली. नानासो चहा न घेता गेले, कारण चहा ठेव म्हणायची मला छाती झाली नाही.

तुझ्या नावानं कुणी तरी खोडसाळपणा केला असणार, असं मी मामीला सांगितलंय. तसं असेल तर दोन ओळी लवकर टाक, म्हणजे तिच्यापुढं धरता येतील. वाट बघतो.

तुझा, अजून कैलासवासी न झालेला,
केरबामामा

सांगली,
९ जुलै २०२५

ती. स्व. मामा यांस,
नमस्कार लिहितो, पण तो तुम्ही घ्यावा असं तोंड मला राहिलेलं नाही.

खोडसाळपणा कुणाचा नाही. ते मीच लिहिलं.

काम हातात घेतलंय असं मे महिन्यात कळवलं, तेही खरं नव्हतं. मी नवं जेट विमान बनवत होतो. नव्या सिम्युलेटरमध्ये जो पहिला काही आणेल त्याचा बोलबाला होतो. जुन्याची डागडुजी म्हणजे जेवणं झाल्यावरची भांडी, तिचं कौतुक कोण करतं? लोक विचारत राहिले, मी उद्यावर ढकलत राहिलो. मग जूनच्या सुरुवातीला एकानं सगळ्यांसमोर मला लबाड म्हटलं. तो खरं बोलत होता, म्हणून झोंबलं. शाळेत पोरं सुट्टीसाठी आजीला मारतात, तसं मी तुम्हाला मारलं.

आधी 'आजारी आहेत' असं लिहिलं होतं. पण आजारी माणूस बरा कधी होणार, हे लोक विचारतात. मेलेल्याचं कुणी विचारत नाही. म्हणून तो शब्द खोडून दुसरा लिहिला. एवढा हिशेब मी शांत डोक्यानं केला, मामा. लाज वाटते ती याची सगळ्यात जास्त.

पुढचं याहून वाईट. शिव्या थांबल्या, आणि कुठल्या कुठल्या देशांतून सांत्वनाची पत्रं आली. काही जणांनी एका रविवारी जुन्या सिम्युलेटरमध्ये आपापली टिटवी बाहेर काढली आणि वारणेच्या खोऱ्यावरून शिराळ्यापर्यंत रांगेनं उडवत नेली. रांगेत एक जागा रिकामी ठेवली होती, तुमची. त्याचा व्हिडिओ मला पाठवला. तो बघून मी रडलो. खरं रडलो. आणि तरी लिहिलेलं पुसलं नाही.

येऊन पाय धरू का? तुम्ही सांगाल ते करीन.

सूरज

शिराळा,
१४ जुलै २०२५

चि. सूरज यास आशीर्वाद. दिलेले आशीर्वाद परत घेता येत नाहीत, म्हणून चालू आहेत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मरणाचं मला विशेष नाही. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, तेव्हा तुझ्या कृपेनं दहा पावसाळे जास्त काढीन. मला लागलं ते वेगळंच. टिटवीच्या पानावर तू माझं नाव घातलंस, तेव्हा ते मी साऱ्या आळीला दाखवत फिरलो होतो. आता तेच नाव वाचून एक भला माणूस हार घेऊन दारात येतो आणि माझ्याच उंबऱ्यावर मला त्याच्या नजरेला नजर देता येत नाही.

मामीला तुझं पत्र वाचून दाखवलं. नानासो गेले त्याच दिवशी ती कासाराकडे जाऊन दोन्ही हात भरून हिरवा चुडा लेऊन आली. सणाला अजून अवकाश होता. मी हसलो, ही माझी चूक झाली. परक्या माणसानं तिला दारात बसल्या बसल्या विधवा केलं, आणि त्याला ते सांगितलं कुणी, तर तिच्या हातचं खाऊन वाढलेल्या पोरानं.

जिथं खोटं लिहिलंस तिथंच खरं लिही. कारणं देत बसू नकोस. मग दिलेला शब्द पाळ. आणि मामीनं ये म्हटल्याशिवाय या घराची पायरी चढू नकोस. हे मी तिच्या वतीनं सांगत नाही, माझ्या वतीनं सांगतोय.

केरबामामा

सांगली,
२० जुलै २०२५

ती. स्व. राहीमामी यांस,
सूरजचा दंडवत.

तुम्हाला मी कधी वेगळं पत्र लिहिलं नाही. मामांच्या पत्रातून तुमची चेष्टा करायची, एवढंच केलं.

खरं काय ते लिहून टाकलं. मामा हयात आहेत, मी कामचुकारपणा झाकायला खोटं बोललो, असं. लोकांनी म्हणायचं ते म्हटलं. काहींनी टिटवी काढून टाकली. पण रांगेत रिकामी जागा ठेवायची ज्याला सुचली होती, त्यानं एवढंच लिहिलं, की मामा आहेत हे वाचून फार आनंद झाला. शिव्या सोसल्या, हे सोसवलं नाही. साताऱ्याला जाऊन नानासोंचे पाय धरले. त्यांनी चहा पाजला. निघताना म्हणाले, की माझं राहू द्या, आधी त्या माउलीची माफी मागा.

जेट बाजूला ठेवलं आहे. टिटवी नव्या सिम्युलेटरमध्ये आता चाकांवर नीट उभी राहते, घड्याळं उजळली, अजून उडत मात्र नाही. तीही उडेल. पण त्यानं केलेलं धुऊन निघत नाही, हे मला कळतं. तुमच्या कुंकवावर मी बोट ठेवलं. पाचवीपासून दहावीपर्यंत तुम्ही मला जेवू घातलं, आणि मी हे केलं.

म्हसवडला आईलाही सांगितलं. पंचमीच्या आदल्या दिवशी ती मामांसाठी भावाचा उपास धरते. ती म्हणाली, या वर्षी दोन दिवस धरीन.

मी पंचमीला येऊ का, असं विचारायचा मला हक्क नाही. तुम्ही बोलावलंत तरच येईन. नाही बोलावलंत तर ते बरोबरच आहे. जमलं तर पूर्वीचा लोभ थोडा तरी शिल्लक ठेवा.

तुमचा,
सूरज

शिराळा,
२५ जुलै २०२५

चि. सूरज,
मामीचा आशीर्वाद. लिवायची सवय न्हाई हाताला, वाचून घे.

तुजं पत्र तुज्या मामांनी वाचून दावलं. वाचताना त्येच रडलं. मी न्हाई रडले.

मामांना वाटतंय मी कुकवासाठनं रागावलीया. तवा रागावले हुते, खोटं कशाला बोलू. चुडा भरला, राग निवला. पर एक गोष्ट जीव खातीया. ती परमुलखातली मानसं, ज्येंनी तुज्या मामांचं तोंड कवा बघितलं न्हाई, त्येंनी ईमानं उडीवली. नानासो दोन गाड्या बदलून आलं. तू बी रडलास म्हनं. मग रडल्यावर एकदा तरी उठून येऊन बघायचं हुतंस, मामा जित्तं हायत का. सांगली काय काशीला हाय व्हय रं?

आता सांगते. जूनमधी तुज्या मामांच्या छातीत लय दुखलं. दवाखान्यात ठेवलं हुतं. डाक्टर म्हनला, थोडक्यात वाचलं. तुला कळवावं म्हटलं, तर मामांनीच हात धरला. म्हनलं, पोराचं मोठं काम चाललंय, त्येनं लोकास्नी शब्द दिलाय, मधी मोडता घालू नगंस. तू तिकडं त्येंला मारलंस तवा ते हितं खाटंवर पडून तुजं काम राखत हुतं. आता बरं हायत. ह्ये मी लिवलंय त्ये त्येंला म्हाईत न्हाई.

पंचमीचं बोलावनं मी धाडनार न्हाई. सनाला बोलावून घेतात. तुला सनाचं ये म्हनायला माजी जीभ अजून रेटत न्हाई. पर मयताच्या घरी कुनाला बोलावनं लागत न्हाई, सूरज. कळलं की मानूस हातातलं टाकून निघतंय. साऱ्या जगाला तूच सांगितलंस. तूच तेवढा यायचा ऱ्हायलायस.

तुजी,
राहीमामी