माझ्या बासच्या तारा बदलण्याबाबत

मंगळवार, दिनांक ९ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी श्री. क्रेग लिंडक्विस्ट, राहणार टोलीडो, ओहायो, यांनी 'आवडत्या बासओळी' या यादीतल्या एका गाण्यापुढचे माझे नाव खोडले, त्या जागी माझ्या दिवंगत नवऱ्याचे नाव घातले, आणि मला उत्तर देता येऊ नये म्हणून त्या चर्चेला कुलूप लावले. श्री. लिंडक्विस्ट हे 'खालच्या तारा' या इंटरनेटवरील मंडळाचे व्यवस्थापक आहेत. बास गिटार वाजवणारे लोक तेथे जमून आवाज मोठा करणारा कोणता ॲम्प घ्यावा, कोणत्या गाण्यात बास कसा वाजवला आहे, यावर एकमेकांना सल्ले देतात. गेली चौदा वर्षे त्यातले पुष्कळ सल्ले मी दिले आहेत.

मी, बर्नाडेट मारिया व्रोना, वय एकोणऐंशी, राहणार कॅनिफ रस्ता, हॅमट्रॅमक, मिशिगन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय आणि भरपूर रागात लिहीत आहे. राग म्हणजे वेड नव्हे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे वकील सांगतात की मी गेल्यावर हा कागद न्यायालयात दाखल होईल आणि मग तो कोणालाही मागून वाचता येईल. त्याला कुलूप लावणारा व्यवस्थापक तिथे नसतो. म्हणून जे मला मंडळात लिहू दिले नाही, ते येथे लिहिते.

यापूर्वीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिल्यात मी सगळे माझा नवरा रे याला दिले होते, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. दुसऱ्यात माझा बास 'खालच्या तारा' मंडळाला दिला होता, तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होते. वयाने माणूस शहाणे होतेच असे नाही.

कलम १. अंमलबजावणीसाठी मी माझी शेजारीण हलिना पेत्रास हिला नेमते. ती अकॉर्डियन वाजवते, त्यामुळे लोकांचे टोमणे ऐकून घ्यायची तिला सवय आहे. "अगं बर्नी, मला कशाला या भानगडीत ओढतेस?" असे ती म्हणाली, पण नाही म्हणाली नाही.

कलम २. घर माझी भाची तेरेसा हिला. तळघरात व्यायामशाळा करायची नाही. स्वयंपाकघरातला क्रूस जिथे आहे तिथेच राहील. तो वाकडा आहे हे मला माहीत आहे. रेने ठोकला होता.

कलम ३. बँकेतली शिल्लक, अंत्यविधीचा खर्च वजा करून, सेंट हेडविग मठाच्या वृद्ध सिस्टरांच्या घराला. त्यांनी मला बारा वर्षे शिकवले, हातावर पट्ट्या मारल्या, आणि वाक्य अर्धवट सोडू नये हे शिकवले. त्याचा उपयोग पुढे दिसेलच.

कलम ४. डॉ. नॉर्मन फेस्लर, दंतवैद्य, ॲक्रन, यांना माझ्या सिंकवरचा भांडी घासायचा स्पंज. डॉक्टरसाहेबांकडे अकरा बास आहेत आणि त्यांतला एकही घराबाहेर वाजलेला नाही. तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवला की आवाज गोल आणि आखूड होतो, हे मी त्यांना फुकट सांगितले होते. त्यांनी त्याच कामासाठी जर्मनीहून खास फोम मागवला. त्याचे छायाचित्र मंडळात टाकले आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

कलम ५. श्री. लिंडक्विस्ट यांना रेचा बोलिंगचा चषक. ज्या दिवसाबद्दल पुढे वाद आहे, त्या दिवशी रेने जे काही गाजवले ते त्यावर कोरलेले आहे.

कलम ६. आमच्या घटस्फोटानंतरची रेची दुसरी बायको शर्ली हिला तबकडीच्या वेष्टणावरचा तो प्रसिद्ध फोटो. देण्यापूर्वी हलिनाने कात्रीने त्यातला बास कापून घ्यावा. रे तिचा, बास माझा.

आता त्या दिवसाबद्दल.

जून १९६५. शीन रस्त्यावर टायरच्या दुकानामागे अर्ल टिबेट्स नावाच्या माणसाने गॅरेजात ध्वनिमुद्रणाची खोली केली होती. पुढच्या टेबलावर मी फोन घ्यायची. मी एकोणीस वर्षांची होते. माझा स्वतःचा बास होता, पगारातून हप्त्याने घेतलेला, आणि शनिवारी मी लग्नांच्या पार्ट्यांत पोल्का नाचाची गाणी वाजवायची. अर्लचा ठरलेला बासवाला रे होता. लॉरेटा गेन्स गायला आली, ड्रमवर क्लिओफस यान्सी बसला, आणि रे बोलिंगच्या स्पर्धेसाठी फ्लिंट गावी गेला होता. अर्ल बाहेर आला आणि म्हणाला, "पोरी, तुझं ते लाकूड गाडीत आहे का?"

होते.

गाणे होते 'दार लोटून जा'. मी अंगठ्याने वाजवते. बोटे खालच्या पट्टीला अडकवायची आणि अंगठा तारेवरून खाली आणायचा. पोल्कात आम्ही सगळे तसेच वाजवायचो. उजव्या मनगटावर साखळीत मेरीमातेचे पदक होते. शाळा सोडताना सिस्टर कुनेगुंडांनी ते बांधले होते. बासच्या पिकअपवर, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकावर, त्या काळी क्रोमचे झाकण असे. अंगठा परत वर नेला की पदक त्या झाकणावर आपटे. टिक्.

अर्ल काचेपलीकडून ओरडला, "तुझ्या हातात काय वाजतंय?"

"पदक. मेरीमातेचं."

"काढून ठेव."

"नाही काढणार. सिस्टर कुनेगुंडांना शब्द दिलाय."

"त्या इथे आहेत का?"

"त्या सगळीकडे असतात."

क्लिओफस काठ्या मांडीवर टाकून हसत सुटला. म्हणाला, "राहू दे रे, अर्ल. छान लागतंय ते. मी पण एक वर्ष ननांच्या शाळेत काढलंय. तू जिंकायचा नाहीस."

पुढच्या खेपेला मी साखळी मागे सारत होते तेवढ्यात क्लिओफसने सुरुवात केली, आणि माझी पहिली मात्रा हुकली. मी दुसरीवर आत शिरले. अर्लला ते आवडले आणि तसेच ठेवले. त्या हुकलेल्या मात्रेवर डॉ. फेस्लर यांनी मंडळात तीन पाने लिहिली आहेत. त्यांच्या मते ते 'रे व्रोना यांचे धाडसी मौन' होय.

गाणे चालले. त्या उन्हाळ्यात डेट्रॉइटमधल्या प्रत्येक बारमध्ये नाणे टाकून वाजणाऱ्या पेटीतून ते ऐकू येई. वेष्टणासाठी फोटो काढायचा झाला तेव्हा अर्ल म्हणाला की मुलीच्या हातात बास बघून दुकानदार माल घेणार नाहीत. रेने माझा बास गळ्यात घातला आणि हातात नखी धरली, कारण तो नखीने वाजवत असे. "अगं, फोटोच तर आहे," तो मला म्हणाला. पुढच्या वर्षी मी त्याच्याशी लग्न केले, ही गोष्ट वेगळी आणि तिच्याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

फोटोच तर होता. साठ वर्षांनी तोच पुरावा झाला.

गेल्या उन्हाळ्यात मंडळात ही ओळ 'आवडत्या बासओळीं'त आली आणि माझे नाव लागले, कारण मीच ती शिकवत होते. मग डॉ. फेस्लर यांना टिक् ऐकू आली. त्यांनी ती यंत्रावर घालून मोजली आणि निकाल दिला: "अंगठ्याला टिक् येत नाही. ही जाड प्लास्टिकची नखी आहे. बर्नाडेटबाई म्हणतात त्यांनी अंगठ्याने वाजवलं. फोटोत रे नखी धरून आहेत. प्रश्न मिटला." त्यानंतर एकेचाळीस पाने केवळ नखीवर. कासवाच्या कवचाची की प्लास्टिकची, टोकदार की बोथट. एका सद्गृहस्थाने त्या टिक्‌साठी जुना ॲम्प विकत घेतला. दुसऱ्याने घेतलेला बास परत केला, कारण त्यातून टिक् निघेना.

मी पदकाबद्दल लिहायला बसले तेव्हा कुलूप लागले होते. खाली श्री. लिंडक्विस्ट यांची ओळ होती: 'चर्चा बंद. सर्वांनी ज्येष्ठांशी सौजन्याने वागावे.'

मी त्यांना फोन केला.

"बर्नाडेटबाई, मनाला लावून घेऊ नका हो," ते म्हणाले. "त्या वयात आठवणी एकमेकींत मिसळतात."

"कोणत्या वयात?"

"म्हणजे… माझी आईसुद्धा…"

"तुझी आई बास वाजवते?"

"नाही."

"मग तिला मध्ये आणू नकोस. कुलूप काढ, मला दोन ओळी लिहायच्यात."

"नियम आहे ना बाई. एकदा निर्णय झाला की झाला. तुम्ही पुढच्या संमेलनाला या, सगळे तुमची आठवण काढतात."

माझी नव्हे, माझ्या पोंचकींची काढतात. दरवर्षी टोलीडोच्या त्या हॉलमध्ये चाळीस बासवाले जमतात आणि एक ड्रमर भाड्याने आणतात, आणि मी जॅम भरलेल्या, तळलेल्या पोंचकींचे तीन डबे नेते. श्री. लिंडक्विस्ट यांनी गेल्या वर्षी एकट्याने सहा खाल्ल्या. त्याच हातांनी त्यांनी माझे नाव खोडले.

आणि त्या एकेचाळीस पानांत एकाही माणसाला ड्रमरला फोन करावासा वाटला नाही. यंत्रे लावली, आलेख काढले, कासवे मोजली. त्या खोलीत माझ्यापासून हातभर अंतरावर जो माणूस बसला होता तो जिवंत आहे, साउथफील्डला वृद्धाश्रमात राहतो, आणि त्याचा नंबर टेलिफोनच्या पुस्तकात त्याच्याच नावाने आहे. पण तो ड्रमर. बासवाल्यांना वाटते ड्रमरला फक्त मोठा आवाज कळतो.

कलम ७. माझा बास. त्यावरच्या चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या तारा मी विकत घेतल्या त्या दिवसापासून तशाच आहेत. एकही बदललेली नाही. त्यांची चमक मेली आहे आणि म्हणूनच त्या तसा आवाज देतात. अशा तारा आता कोणाकडे नाहीत, आणि मंडळातील प्रत्येकाला ते ठाऊक आहे. क्रोमच्या झाकणावर पदकाने पाडलेली करंगळीच्या नखाएवढी खोच आहे. पदकावर त्याच बाजूचे मेरीमातेचे नाक झिजून गेले आहे. दोन्ही एकमेकांत बसवून पाहावे.

माझे नाव यादीत परत लागले, कुलूप निघाले, आणि हे पदकाचे कलम जसेच्या तसे तेथे छापले गेले, तर बास, झाकण आणि पदक मंडळाला जातील. दर संमेलनात तो हातोहात फिरवावा. वाजवणाऱ्याने पदक मनगटावर बांधावे, मग टिक् निघेल. काहीही विकत घ्यावे लागणार नाही. ॲम्प खुर्चीवर ठेवावा, जमिनीवर नव्हे.

तसे झाले नाही, तर मी माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. सर्व संतांच्या सणाच्या, म्हणजे १ नोव्हेंबरच्या, सकाळी मी स्वतः पकडीने त्या चारही तारा तोडीन आणि कचऱ्यात टाकीन. त्या जागी नव्या, चकचकीत, खणखणीत तारा घालीन आणि बास सेंट हेडविग शाळेच्या बँडला देईन. मुले त्यावर स्टिकर लावतील. लावू देत. पदक माझ्याबरोबर शवपेटीत येईल, उजव्या मनगटावर, आणि मग तुम्ही तो आवाज आणखी साठ वर्षे प्लास्टिकमध्ये शोधत बसा.

दंतवैद्यांनी रडू नये. पकड स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात आहे, हलिनाने पाहिली आहे.

वर लिहिलेले सर्व मी वाचले आहे, मला मान्य आहे, आणि त्यातला एकही शब्द मवाळ करायचा नाही.

सही: बर्नाडेट मारिया व्रोना

साक्षीदार पहिली: जोआन ग्रॅबिक, परिचारिका, साउथफील्ड. माझ्या ओळखीची नाही, म्हणूनच निवडली.

साक्षीदार दुसरा: क्लिओफस यान्सी, वय चौऱ्याऐंशी, जून १९६५ मध्ये ड्रमवर. वकील म्हणाले की साक्षीदाराच्या नावे काही न ठेवलेले बरे, म्हणून त्याच्यासाठी नेलेली सॉसेजे सहीच्या आधीच संपवली.

सहीच्या दिवसाबद्दल एक नोंद, कारण परिचारिकेने ते डोळ्यांनी पाहिले. मी हल्ली वॉकर धरून चालते. वृद्धाश्रमाच्या लांब व्हरांड्यातून जाताना पदक वॉकरच्या नळीवर आपटत होते. क्लिओफसच्या खोलीचे दार अर्धवट लोटलेले होते आणि त्याची पाठ माझ्याकडे होती. त्याला डोळ्यांनी फारसे दिसत नाही. मी येणार हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मी दारात पोचायच्या आधी त्याने दोन बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरला. पहिली मात्रा त्याने मोकळी सोडली.

"बर्नी," तो वळून न पाहताच म्हणाला, "अजून काढलं नाहीस ते?"

"नाही."

"आणि अजून उशिराच येतेस."

स्थळ: साउथफील्ड, मिशिगन. सोमवार, दिनांक ६ ऑक्टोबर २०२५.

प्रत नोंदणीकृत टपालाने श्री. क्रेग लिंडक्विस्ट यांना. लेखी उत्तर शुक्रवार, दिनांक ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दुपारी बारापर्यंत कॅनिफ रस्त्यावरील माझ्या पत्त्यावर पोचावे. फोन चालणार नाही, टोपणनाव चालणार नाही. खाली खऱ्या नावाची सही पाहिजे, आणि त्या सहीच्या वर, श्री. लिंडक्विस्ट यांच्या स्वतःच्या अक्षरात, माझे नाव.