एक हिवाळा पाहिलेली शेळी

सर, तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तुमच्यावरचा संशय मी मागच्या आठवड्यापर्यंत सोडला नव्हता. मी आता जालन्यात बियाणांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत काम करते. दोन वेगळ्या जिवांचे तुकडे जोडून केलेल्या जनुकाला तिथे 'कायमेरिक' म्हणतात. शब्द कानावर पडला की आजही माझे कान तापतात.

भोकरदनच्या शाळेतला आमचा दहावीचा वर्ग, इंग्रजीचा तास. तुम्ही फळ्यावर 'कायमेरिकल' लिहिता. म्हणजे अशक्य, नुसतं मनात रचलेलं. ग्रीक कथेतल्या एका प्राण्यावरून आलेला शब्द. पुढून सिंह, मधे शेळी, मागून साप. "आणि गंमत बघा," तुम्ही म्हणता, "त्या नावाचा मूळ अर्थ नुसती शेळी. एक हिवाळा पाहिलेली." वर्ग हसतो. शेळ्यांचं दूध काढून धावड्याहून बसने येणारी मी एकटीच होते. माझ्या ओढणीला वास येतो, असं पोरी म्हणायच्या. एवढ्या भयंकर प्राण्याचं नाव शेळी कसं असेल? मला वाटलं, हा अर्थ तुम्ही मला चिडवायला उभ्या उभ्या तयार केलात.

घरी आबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या शिक्षकांसमोर उभे राहिले. "माझ्या पोरीला शेळी म्हणून राह्यले का, सर?"

तुम्ही कपाटातून जाड डिक्शनरी काढलीत. "इथं लिहिलंय, बघा ना."

"मला इंग्रजी येत न्हाई. तुम्ही काहीबी दाखवताल."

तुम्ही पुस्तक माझ्यापुढे सरकवलंत. मी हात लावला नाही. मुख्याध्यापकांनी माफी मागायला लावली, तुम्ही हात जोडून मागितलीत. त्यानंतर वर्षभर कुठल्याही शब्दाची गोष्ट तुम्ही सांगितली नाही. अर्थ सांगायचात, आम्ही उतरवून घ्यायचो.

मागच्या आठवड्यात मी शेवटी डिक्शनरी उघडली. विश्वास बसेना म्हणून आणखी दोन पाहिल्या. तिन्हींत तेच. शेळी, हिवाळा. तरी मन म्हणत होतं, अर्थ खरा असेल, पण बोलताना माझ्याकडे का पाहिलंत?

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहून ठेवते. शाळेत यायच्या आधी आबांनी मला एकच विचारलं होतं, "सर तुझ्याकडं बघून बोल्ले का?" मी लगेच हो म्हणाले. मी तेव्हा वहीत बघत होते, सर. तुम्ही कुठे बघत होतात, मला माहीत नाही.