काळ्या झाकणातलं कुंकू

आई, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आबांची मोटार सुरू होईना, त्याबद्दल तुला एक विचारायचं राहून गेलं. आता विचारून काय होणार म्हणा. पण आज सकाळी नातवाची गाडी दारातच अडली, तो बॉनेट उघडून उभा राहिला, आणि मला आपलं म्हसवडचं अंगण दिसायला लागलं.

दादाची रजा संपली होती. लढाई ऐन भरात, पलटण बोटीनं कुठं जाणार ते त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि लोणंदला जाऊन त्याच दिवशीची आगगाडी गाठायची होती. घरची टॅक्सी असताना काळजी कसली, असं आबा गावभर सांगून आले होते. आता ते हँडल मारून मारून घामाघूम झालेत. आबा चिडायचे लय, पण कामाचा क्रम सोडायचे नाहीत. पेट्रोलची नळी सोडून बघितली, थेंब पडला. हॉर्न वाजवला, शेजारची म्हैस बुजली, म्हणजे बॅटरी ठणठणीत. प्लगची वायर लोखंडाजवळ धरून दादाला हँडल मारायला लावलं, तर ठिणगीच नाही. मग कॉइल गेली म्हणाले, ती आता साताऱ्याहून आणायची. प्लगांना ठिणगी वाटून देणारं काळं झाकण त्यांनी उघडलंच नाही, कारण पूजेआधी ते त्यांनी स्वतः पुसून बसवलं होतं. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस आणि एकदाही मान वर केली नाहीस. बरं झालं अडली, असं मी मनात म्हणत होते.

दादानं ट्रंक खांद्यावर घेतली. चालत निघतो म्हणाला, वाटेत काहीतरी मिळेल, नाहीतर पळपुटा म्हणून बेड्या घालून नेतील, एवढंच. तो हसत बोलला खरा, पण तुझा हात थांबला. तशीच पिठाच्या हातानं तू बाहेर आलीस.

"आवं, ते काळं झाकण काढा. आत मी कुंकू लावलंय, पाण्यात कालवून."

मोटारीचा जीव त्या झाकणात असतो, हे आबांनीच तुला कौतुकानं दाखवलं होतं. आबा दसऱ्याचं सोनं वाटायला गेल्यावर तू ते उघडून जिवाचीच पूजा केलीस. आबांनी कपाळाला हात लावला.

"आगं, मग सकाळधरनं गप का बसलीस?"

तू झाकण घेऊन आत गेलीस. झाकण पुसलं, चुलीच्या धगीवर वाळवलं, आणि पहिल्याच हँडलला मोटार सुरू झाली. सगळे पोट धरून हसले. पुढं आबा प्रवाशांना ही गोष्ट रंगवून सांगायचे. दादा लढाईत कामी आल्याची तार आली, तेव्हापासून त्यांनी ती सांगायची बंद केली.

तू बोललीस कशी, एवढंच मला विचारायचं होतं. तू जिवंत असताना माझी जीभ रेटली नाही, आणि आता हा कागद टाकायला पत्ताही नाही. मला अजून तुझा राग येतो, आई. तुझ्या जागी मी असते, तर तोंड उघडलं नसतं. पळपुट्याची आई म्हणून घेतलं असतं.